गुलाबभाऊ बोरी अरबला होते

आधीच सांगून टाकतो, म्हणजे कमेंटमध्ये कोणी विचारायला नको – मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. धंद्यानं फिल्म एडिटर आहे. भीतीच्या सिनेमात खिडकीचा पडदा आपोआप हलतो ना, तिथं बाजूला पंखा धरून बसलेला माणूस असतो आणि त्याला फ्रेममधून उडवणारा मी असतो. त्यामुळे कोणी "मला एक अनुभव आला" असं म्हणालं की मी आधी जोड कुठं मारलाय ते बघतो. जोड सापडतोच. या एका प्रकरणात मात्र इतकी वर्षं शोधतोय... नाही सापडला.

मी मूळचा यवतमाळचा. वडील कलेक्टर ऑफिसात, काका तहसीलमध्ये, आत्या पोस्टात. आमच्या घरात पोरगं रांगायला लागलं की त्याला फाईल दाखवून पुढं बोलावतात. मी मात्र कॉलेज अर्धवट सोडून लग्नाच्या कॅसेटी मिक्सिंग करायला लागलो. नवरी लाजली की तिच्याभोवती बदाम, नवरदेव दिसला की मागे कारंजं. पाहुणे आले की बाबा सांगायचे, "कॉम्प्युटरचं काहीतरी करतो," आणि लगेच पाण्याचा विषय काढायचे.

गुलाबभाऊ भेटले ते भांडायलाच. त्यांच्या भाच्याच्या लग्नाची कॅसेट मी केली होती. दुकानात आले, पायरीवरूनच सुरू झाले, "काहून राजा, पंगत कायले कापली? एक एक मानूस दाखवाले पायजे होता. लोकं कायले जेवाले बसते मंग?"

मी म्हटलं, भाऊ, अर्धा तास भात खाणारी माणसं कोण बघणार?

"खानारे पायतीन ना!"

मग त्यांनी कॅसेट टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "पन बाकी जोड मस्त मारले तू. पिच्चर जोडशीन का?"

मारेगावजवळच्या एका खेड्यात त्यांची कापसाची शेती होती. झाडीपट्टीच्या मंडळींची नाटकं पाहून पाहून डोक्यात सिनेमा शिरलेला. सेकंडहँड कॅमेरा घेतला होता, गावातल्याच लोकांना घेऊन वऱ्हाडी कॉमेडी पिक्चर काढायचे आणि त्याच्या व्हीसीडी करायच्या हा बेत. मी हो म्हटलं, कारण बदाम आणि कारंजी काढून मला उबग आला होता.

आमच्या पहिल्या पिक्चरला लोक मधेच उठून चहाला गेले, ते परत आलेच नाहीत. दुसऱ्याला कोणी उठून गेलं नाही, कारण सगळे झोपले होते. दोन्हींचा रोग एकच – लांबण. गुलाबभाऊंना एकही शॉट सोडवत नव्हता. गल्लीतलं कुत्रं चुकून फ्रेममधून गेलं तरी "राहू दे, बिचारं आलं कामावर" म्हणायचे. मी कापायचो, ते परत लावायला सांगायचे, मी आरडाओरडा करायचो, ते वैनींना हाक मारायचे, वैनी चहा आणायच्या. अशी आमची कामाची पद्धत होती.

तिसरा पिक्चर 'बैल आला बोहल्यावर'. या वेळी मात्र दोघांच्याही गळ्याशी पाणी आलं होतं. गुलाबभाऊंनी जाहीर केलं होतं की हाही पडला तर कॅमेरा विकून टाकणार, पुन्हा सिनेमाचं नाव काढणार नाही. आणि माझ्या बाबांनी नागपूरला एका ओळखीच्या ऑफिसात माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. "हे एक संपव आणि निघ," एवढंच म्हणाले. मी निघालो असतो तर आज माझ्याही पोराला फाईल दाखवून रांगवत असतो.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव असा पडलेला की विकायची कोणाची छाती होत नव्हती. आज येईल, उद्या येईल म्हणून लोकांनी कापूस घरातच भरून ठेवलेला. ज्या घरात जा तिथं बैठकीत कापूस, माजघरात कापूस, देवाच्या पुढ्यात कापूस. माणसं कडेकडेनं चालायची. आणि साठवलेला कापूस खाजतो – अंगावर पुरळ उठतं. सगळं गाव बोलताना खाजवायचं. गावात हसण्यासारखं काही उरलेलं नव्हतं आणि त्याच गावात आम्ही कॉमेडी करत होतो.

भाऊंना शेत सोडून यवतमाळला येणं जमेना, म्हणून मीच कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून एसटीनं त्यांच्या घरी नेला. मधल्या खोलीत टेबल लावलं. माझ्या पाठीमागे आढ्यापर्यंत कापूस. त्या ढिगात स्वतःपुरता खड्डा करून गुलाबभाऊ बसायचे. दिग्दर्शकाची खुर्चीच ती.

आता मुख्य गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं हिच्यावर आहे. गुलाबभाऊंना बसल्या बसल्या कापसातली सरकी काढायची सवय होती, आईला वातींसाठी काढून देत असत तेव्हापासूनची. ती काढलेली सरकी ते मला फेकून मारायचे. कारण मी काम करताना हेडफोन लावायचो, हाक ऐकू यायची नाही. मानेवर पहिली सरकी बसली की तिथं शॉट कापायचा. दुसरी बसली की तिथून पुढचं घ्यायचं. मधलं सगळं बाद. पुण्या-मुंबईच्या एडिटरांना सांगितलं तर हसतात, पण नेम पक्का असला की याच्याइतकी झकास पद्धत नाही. अडचण एकच – भाऊंची सरकी यायचीच नाही. आली तर इतकी उशिरा, की तोवर बघणारा म्हातारा झालेला असायचा.

मारेगावला शो ठरला होता; त्याच्या दोन दिवस आधी संध्याकाळी आमचं कडाक्याचं भांडण झालं. विषय – मामाजी.

मामाजी म्हणजे गुलाबभाऊंचे सासरे, राहणार बोरी अरब. त्यांनी शूटिंगला बैल दिला, ट्रॅक्टर दिला, आणि मोबदल्यात पोलीस पाटलाचा रोल घेतला. सीन साधा: बैल हरवलाय, गावकरी विचारतो, "पाटील, बैल गेला कुठी?" पाटलानं एक वाक्य बोलून निघायचं. मामाजींनी स्वतःच्या हातानं त्या वाक्याला शेपूट जोडलं – आमच्या काळचे बैल, त्या बैलांचे बाप, आजकालच्या पोरांची बैलांशी वागणूक... संपता संपेना. शिवाय मधेच विसरले की डोळे मिचकावत इकडेतिकडे बघायचे, कोणीतरी सांगावं म्हणून.

मी म्हटलं, हे भाषण ठेवलं तर पिक्चर इथंच मेला.

"अन् मामाजीचा एक शबुद कापला तं मी मेलो!" भाऊ ओरडले. "तुही वैनी मले जित्ता ठेवन का?"

वैनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मी आयकून राह्यली."

"पाय! आयकून राह्यली!"

मग मीही बोलून बसलो, की तुम्हाला दिग्दर्शन करायचं नाही, पाहुण्यांचं मन राखायचं आहे. ते म्हणाले, तुले मानसं नाही पायजेत, तुले फक्त कैची पायजे. झालं. अबोला.

सकाळी मी उठलो तेव्हा ओट्यावर वैनी नव्या लुगड्यात आणि भाऊ पिशवी घेऊन उभे होते. मामाजींना शोसाठी आणायला निघाले होते. मारेगाव कुठं आणि बोरी अरब कुठं – जिल्ह्याची दोन टोकं, जाऊन यायला दिवस मोडतो. माझ्याकडे न बघता भाऊ खांबाला म्हणाले, "ज्याले जेवाचं असन त्यानं भाकरी झाकून ठेवली ते खावी." मीही खांबालाच "बरं" म्हटलं.

ते गेले. मी दाराला आतून कडी घातली, कारण शेजारची बकरी कापसावर टपलेली असायची. लाईन आली – तिकडे विजेला लाईनच म्हणतात, आणि ती पाहुण्यासारखी येते – तसा कॉम्प्युटर लावला, हेडफोन चढवले, कामाला बसलो.

थोड्याच वेळात मानेवर सरकी बसली.

मला वाटलं, भाऊ परत आले. एसटी चुकली असेल, मागच्या दारानं आले असतील, आणि अबोला असल्यामुळे बोलत नाहीत. मलाही ताठा होता. म्हटलं, मी कशाला वळून बघू? गरज असेल तर तुम्ही बोला! मी सरकी पडली तिथं शॉट कापला.

आणि मंडळी, कट असा बसला... जो शॉट मी इतके दिवस नुसता चघळत होतो तो एकदम उभा राहिला. दुसरी सरकी. तिथून पुढचं घेतलं. चपखल! म्हटलं, भांडणाचा उपयोग झाला म्हणायचा.

मग सुरूच झालं. सरकी, कट, सरकी, कट. गल्लीतलं कुत्रं गेलं. पाणवठ्यावरच्या बायांचं न संपणारं हसणं गेलं. बैलाचे एकसारखे दिसणारे तीन चेहरे होते, त्यातला नेमका मधला राहिला. पाठीमागे अधूनमधून माणसानं कूस बदलावी तसा ढीग हलायचा आणि कापूस घसरून माझ्या पायाशी यायचा. गाण्याच्या वेळी मी हेडफोन मानेवर घेतला तेव्हा खरखर खाजवल्याचा आवाजही ऐकला. मी भिंतीकडे बघून विचारलं, "चहा टाकू का?" उत्तर नाही. म्हटलं, नका बोलू, मला काय!

मग आला भाऊंचा स्वतःचा सीन. हरवलेल्या बैलासाठी ते गव्हाणीपाशी ढसाढसा रडतात तो. हा त्यांचा सगळ्यात लाडका. शूटिंगच्या वेळी स्वतःच्या रडण्यानं त्यांना खरंच रडू आलं होतं. मी हात बाजूला घेऊन बसलो, इथं सरकी येणार नाही याची खात्री होती. पहिला हुंदका आला न आला – टप्! आणि दुसरी सरकी थेट भाऊ नाक पुसून उठतात तिथं. सगळं रडणं बाद.

मला वाईट वाटलं, खरं सांगतो. इतका कापाकापीचा हट्ट करणारा मी, पण मीच म्हटलं, "भाऊ, हे राहू देऊ का थोडं?" उत्तर म्हणून मानेवर तिसरी सरकी बसली, जरा जोरातच.

शेवटी मामाजी. "पाटील, बैल गेला कुठी?" मामाजी म्हणाले, "बैल असा कुठी जात नसते..." आणि पुढचं विसरून डोळे मिचकावत डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. टप्. मग संपूर्ण भाषण निघून गेलं, आजे-पणजे सगळे बैल निघून गेले, आणि गावकरी कपाळाला हात लावून चालायला लागतो तिथं दुसरी सरकी. मी जोडून पाहिलं आणि एकटाच खो-खो हसत सुटलो. हसता हसता अबोला विसरलो, खुर्ची फिरवली आणि म्हटलं, "भाऊ, मानलं तुम्हाला!"

खोलीत कोणी नव्हतं.

ढिगात माणूस बसल्यासारखा खड्डा होता. पण तो तर रोजचाच. माझ्या खुर्चीभोवती सरक्यांचा सडा पडला होता. दाराची कडी आतून तशीच. मागच्या दाराला बाहेरून कुलूप, ते वैनींनी जाताना लावलेलं. मी तेव्हाही घाबरलो नाही हो. म्हटलं, गेले असतील कुठून तरी. एवढा मोठा माणूस, जाईल कुठून तरी! भाकरी खाल्ली, ओट्यावर येऊन बसलो.

दिवेलागणीला भाऊ, वैनी आणि मामाजी फाट्यावरून चालत आले. भाऊंच्या हातात तीच पिशवी.

मी म्हटलं, "पुन्हा कुठं गेले होते?"

भाऊ अबोला विसरून माझ्याकडे बघायला लागले. "पुन्हा मंजे? सकायी गेलतो, आता येऊन राह्यलो."

"मग दुपारभर सरकी कोण मारत होतं?"

"कायची सरकी?"

मामाजी मधेच म्हणाले, "जावईबापू दिवसभर माह्या समोर होते. पुरनपोया खाल्ल्या अन् खाटंवर असे घोरले का वाड्यातली म्हैस बिचकली."

वैनी म्हणाल्या, "बिचकली खरी."

तेव्हा मात्र माझी मान आपोआप चोळली गेली.

भाऊंना वाटलं मी नाटक करतोय – मनासारखं कापून घेतलं आणि आता भुतावर ढकलतोय. त्यांनी खाटेवर मामाजींना बसवलं, पाणी दिलं, आणि मला आत ओढलं. "दाखव." लाईन नुकतीच आली होती. मी लावलं. भाऊ उभ्याउभ्याच बघत राहिले. कुत्रं गेलं तेव्हा चुळबुळले. स्वतःचं रडणं आलं आणि आलं तसं गेलं, तेव्हा खाली बसले. मामाजींच्या सीनला मात्र त्यांच्या तोंडून फुर्रकन हसू सुटलं, आणि सुटल्याबद्दल त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"हे तू नाही कापलं," ते हळूच म्हणाले. "तू कापतं तं जोराचं कापतं. हे कोनीतरी... सांभायून कापलं." सांभायून म्हणजे सांभाळून, जपून. ते माझ्या मानेकडे बघत होते. मानेवर लाल ठिपके उठले होते. ते सरकीचे होते की कापसाच्या खाजेचे, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही, त्यामुळे त्याला पुरावा म्हणू नका.

"परत लावू का सगळं?" मी विचारलं. "रात्रभर बसलो तर होईल."

भाऊंनी बाहेर खाटेवर मिशा पिळत बसलेल्या मामाजींकडे पाहिलं. मग म्हणाले, "राहू दे. मरनच यायचं तं हासून येऊ दे."

शो मारेगावच्या एका मंगल कार्यालयात होता. पडदा म्हणून पांढरी चादर. मामाजी फेटा बांधून पहिल्या रांगेत. त्यांच्या मागे मारेगावचे लोक, आसपासच्या खेड्यांतले लोक, सगळे खाजवत आलेले. मी प्रोजेक्टरपाशी उभा होतो आणि पडद्याकडे न बघता लोकांकडे बघत होतो. कोणी उठेना. कोणी झोपेना. आणि मामाजी म्हणाले, "बैल असा कुठी जात नसते..." आणि त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, डोळे मिचकावले, आणि गावकरी कपाळाला हात लावून निघाला – काय सांगू, हॉल फुटला. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत शेजाऱ्याला म्हणाले, "लय दिसानं हासलो राजेहो."

आणि मामाजी? ते उभे राहिले, मागे वळले, आणि हात जोडून जनतेला नमस्कार केला. शो संपल्यावर ते लोकांना सांगत होते, "लंबं बोलून कोनीबी हासवन. मी म्हटलं, एकाच वाक्यात काम तमाम करतो." भाषणाची त्यांनी पुन्हा कधी चौकशीही केली नाही.

सगळे अभिनंदनाला गुलाबभाऊंना शोधत होते. मला ते हॉलच्या मागे सापडले, मांडवाच्या बांबूंच्या ढिगावर एकटे. चेहरा उतरलेला.

"भाऊ, पिक्चर चालला!"

"पायलं," ते म्हणाले. "पन तो माहा नाही. मी दोन पिच्चर काढले, दोन्ही पडले. त्यानं एका दिवसात तारला. मी असतो तं मामाजीले कापलं असतं का? सोताले कापलं असतं का? मंग मी कायले पायजे? कॅमेरा विकतोच मी."

मी म्हटलं, अहो, तो तुम्हीच असाल, दुसरं कोण सरकी मारतं? तर म्हणाले, "मी बोरी अरबले होतो बे. घोरत होतो. म्हैस साक्षीले हाय."

मग त्यांनी मान खाली घालून विचारलं, "खरं सांग सुहास. तो माह्यापेक्षा चांगला होता का?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण ते लगेच ओळखलं असतं त्यांनी.

"चांगला होता," मी म्हटलं. "खूप चांगला. पण दिवसभर एका शब्दानं भांडला नाही, भाऊ. चहा विचारला तर उत्तर नाही. असल्या माणसाबरोबर मी दुसरा दिवस काढला नसता. नागपूरला निघून गेलो असतो."

भाऊंनी मान वर केली. मग म्हणाले, "तू कायले चहा इचारला त्याले? मले तं कधी इचारत नाही."

"तुम्ही विचारू देता का? आधीच ओरडता!"

"मी ओरडतो? मी? अन् परवा कोन ओरडून राह्यलं होतं?"

आणि तिथं, त्या बांबूंवर, आमचं परत सुरू झालं. आवाज ऐकून वैनी बाहेर आल्या, आम्हाला बघितलं आणि चहा कुठं मिळतो ते बघायला गेल्या.

त्यानंतर आम्ही किती पिक्चर केले ते सोडा, नागपूरला मात्र मी गेलो नाही. तो दिवस काय होता? वैनी म्हणतात, पितर. मामाजी अखेरपर्यंत म्हणायचे, उंदीर – पण उंदीर सरकी खातो, नेम धरून मारत नाही, आणि त्याला मामाजींचं भाषण कंटाळवाणं आहे हे कसं कळणार? माझे डॉक्टर मित्र म्हणतात, थकव्यानं तुझा तूच कापत होतास. असेलही. पण मला भाऊंचं रडणं कापायचं नव्हतं, हे मी देवाशपथ सांगतो. माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर लिहा, फक्त गुलाबभाऊंना कळवू नका. अजूनही एखादा कट फार सुरेख जमला की ते मागून दबक्या आवाजात विचारतात, "सुहास... हा माहाच होता ना?" आणि मी मागे वळून, ते तिथं बसलेत हे नीट बघून घेतो आणि सांगतो, "तुमचाच, भाऊ. जरा उशिरा आला."